गुगलच्या सीईओला 'कोच' कशाला लागतो? एक्झिक्युटिव्ह कोचिंग नेमकं काय असतं?

२००१ सालची गोष्ट. एरिक श्मिट नुकतेच गुगलमध्ये आले होते. वय ४६. त्याआधी नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीचे ते सीईओ होते, त्याही आधी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मोठ्या पदावर. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन तेव्हा पंचविशी-तिशीच्या मधले. या पोरांच्या कंपनीला एक जाणता माणूस हवा, म्हणून श्मिट यांना आणलं होतं. थोडक्यात काय, तर घरातलं वडीलधारं माणूसच ते.

आणि या माणसाला गुगलचे एक गुंतवणूकदार आणि संचालक जॉन डोअर यांनी सांगितलं, तुम्हाला कोच लागेल.

श्मिट यांना ते लागलं. मी इतकी वर्षं कंपन्या चालवतोय, मला कोच कशाला? माझं काही चुकतंय का? अशी त्यांची पहिली प्रतिक्रिया होती. हे दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच पुढे सांगितलंय. २००९ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकाने त्यांना विचारलं, तुम्हाला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला कोणता? त्यांनी नेमका हाच सांगितला. कोच ठेवा.

आता तो कोच कोण होता ते बघा. बिल कॅम्पबेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा माजी कोच. हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडूचा आणि धक्काबुक्कीचा. १९७४ ते १९७९ अशी सहा वर्षं त्यांनी ती टीम सांभाळली. १२ सामने जिंकले, ४१ हरले, एक बरोबरीत सुटला. मैदानावरचा हा हिशेब बघून कुणी त्यांना गल्लीतली टीमही दिली नसती. पुढे ते जाहिरातीच्या धंद्यात गेले, तिथून कोडॅक, मग ॲपल, मग इन्ट्युट या कंपनीचे सीईओ. आणि नंतर सिलिकॉन व्हॅलीतल्या बड्या बड्या लोकांचे कोच.

आपल्याकडचं कोचिंग आणि हे कोचिंग

आपल्याकडे कोचिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतं लातूर, कोटा, नीट-जेईई आणि चौकाचौकातले टॉपर्सचे फ्लेक्स. तिथे सर शिकवतात, आपण लिहून घेतो. एक्झिक्युटिव्ह कोचिंग जवळपास याच्या उलटं आहे. इथे कोच शिकवत नाही. तो विचारतो.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात गाडीचा आहे. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात चांगल्या घोडागाड्या बनायच्या, त्यावरून त्या गाडीला कोच म्हणायला लागले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतून 'पार नेणाऱ्या' खासगी शिक्षकाला गमतीने कोच म्हणू लागली. तिथून तो मैदानावर गेला आणि मैदानावरून ऑफिसात आला.

मैदानावरून ऑफिसात येण्याचा रस्ता टेनिस कोर्टवरून गेला. टिमथी गॅलवे नावाच्या अमेरिकन टेनिस कोचने १९७४ मध्ये 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की खेळाडूचा खरा सामना जाळीपलीकडच्या माणसाशी नसतो, स्वतःच्या डोक्यातल्या बडबडीशी असतो. 'मनगट असं वळव, पाय तसा टाक' अशा सूचनांचा मारा केला तर ती बडबड वाढते. त्याऐवजी 'चेंडू टप्पा घेतो तेव्हा नीट बघ आणि मला सांग' एवढंच म्हटलं तर खेळ आपोआप सुधारतो. इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर या माजी रेसिंग ड्रायव्हरने हा विचार कंपन्यांमध्ये नेला. १९९२ मध्ये आलेल्या त्यांच्या 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' या पुस्तकामुळे 'ग्रो' नावाची पद्धत जगभर पसरली. आधी कुठे पोचायचंय ते ठरवा, मग आत्ता कुठे आहात ते खरंखरं बघा, मग कोणते रस्ते आहेत ते शोधा आणि शेवटी त्यातलं नक्की काय करणार ते बोला. आजही बरेच कोच याच क्रमाने चालतात, नाव न घेता.

मग सल्लागार, मेंटॉर आणि कोच यांत फरक काय? सल्लागार तुमच्या धंद्याचा अभ्यास करून उत्तर देतो. मेंटॉर त्याच वाटेने आधी गेलेला असतो, तो 'मी असं केलं होतं' हे सांगतो. कोचला तुमच्या धंद्यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळायलाच हवं असं नाही. त्याचं लक्ष धंद्यावर नसतं, तुमच्यावर असतं. अर्थात पुस्तकात या रेषा जितक्या स्वच्छ आहेत तितक्या प्रत्यक्षात नाहीत. खुद्द कॅम्पबेल भरपूर सल्ले द्यायचे, शिव्या द्यायचे आणि वर मिठ्याही मारायचे.

कॅम्पबेल करायचे तरी काय?

श्मिट आणि गुगलमधल्या त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कॅम्पबेल यांच्यावर 'ट्रिलियन डॉलर कोच' हे पुस्तक लिहिलं. चाहत्यांनी लिहिलेलं पुस्तक आहे, त्यामुळे चिमूटभर मीठ घालून वाचायला हवं. पण त्यातले दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत.

पहिला. गुगलमध्ये सुरुवातीला पेज आणि ब्रिन यांनी इंजिनिअर लोकांवरचे मॅनेजरच काढून टाकले होते. हुशार पोरांवर साहेब कशाला? त्यांना त्यांचं काम करू द्या, असा विचार. कॅम्पबेल यांना हे पटेना. पण त्यांनी वाद घातला नाही. इंजिनिअर्सनाच विचारू या, असं ते पेज यांना म्हणाले. विचारलं, तर पोरं म्हणाली आम्हाला मॅनेजर हवाय. का? कुणाकडून तरी शिकायला मिळावं म्हणून, आणि दोघांचं जुळलं नाही तर निकाल द्यायला कुणीतरी असावं म्हणून. मॅनेजर परत आले. कॅम्पबेल यांनी इथे स्वतःचं मत रेटलं असतं तर पेज यांनी ते ऐकलं असतं की नाही, कुणास ठाऊक. प्रश्न मात्र नाकारता आला नाही.

दुसरा प्रसंग जास्त नाजूक आहे. २००४. गुगल शेअर बाजारात उतरणार होती. त्याआधी संचालक मंडळाने श्मिट यांना चेअरमनपद सोडायला सांगितलं, सीईओपद तेवढं राहणार होतं. श्मिट दुखावले. शेअर बाजाराचं काम उरकलं की निघून जायचं, असं त्यांच्या मनात होतं. कॅम्पबेल यांनी त्यांना थांबवलं. तुमचा अभिमान दुखावलाय हे बरोबर, पण तो आत्ता कंपनीच्या आड येतोय, असं त्यांचं सांगणं. आणि नुसतं सांगून ते थांबले नाहीत. आत्ता पद सोडा, काही काळाने ते परत मिळेल असा तोडगाही त्यांनी काढला. श्मिट राहिले. पुढे २००७ मध्ये ते पुन्हा चेअरमन झाले, सीईओ म्हणून तर ते २०११ पर्यंत होते.

आता विचार करा, हे श्मिट यांना दुसरं कोण सांगू शकलं असतं? त्यांच्या हाताखालचे लोक? ते बोलणार नाहीत. संचालक? ते तर दुसऱ्या बाजूला बसलेले. घरचे? घरचे आपली बाजू घेतात.

वर गेलं की खरं ऐकू येत नाही

कोचिंगचं सगळं दुकान या एका अडचणीवर उभं आहे. तुम्ही ट्रेनी असता तेव्हा दिवसातून चार जण चूक दाखवतात. टीम लीडर झालात की दोन जण. जनरल मॅनेजर झालात की वर्षातून एकदा अप्रेझलमध्ये, तेही गोड भाषेत. आणि मालक किंवा सीईओ झालात की कुणीच नाही. तुमचे विनोद अचानक सगळ्यांना आवडायला लागतात, हा बहुतेक पहिला इशारा.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दोनशेहून जास्त सीईओ, संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची पाहणी केली. जवळपास दोन तृतीयांश सीईओंना बाहेरून कुठलंही कोचिंग किंवा नेतृत्वाबद्दलचा सल्ला मिळत नव्हता. पण त्यांना विचारलं की कुणी सांगितलं तर तुम्ही बदलाल का, तर सगळे हो म्हणाले.

आणखी एक गोष्ट असते. माणसाला वरचं पद मिळतं ते खालच्या कामात तो पक्का असतो म्हणून. पण वरचं काम वेगळंच असतं. मार्शल गोल्डस्मिथ हे अमेरिकेतले नावाजलेले कोच. त्यांच्या २००७ च्या गाजलेल्या पुस्तकाचं नावच या अर्थाचं आहे, की तुम्हाला इथवर ज्याने आणलं ते पुढे नेणार नाही.

बंद दाराआड काय चालतं?

एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणमधल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत एक प्रॉडक्शन हेड आहेत. वीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेली. मशीन बंद पडली की आवाजावरून बिघाड सांगणार. त्यांना व्हाइस प्रेसिडेंट केलं. सहा महिन्यांत तीन चांगले मॅनेजर सोडून गेले. एचआरने कोच दिला.

साधारणपणे हे असं चालतं. आधी दोघांची एक ओळखभेट होते, जमतंय का बघायला. मग कंपनी, अधिकारी आणि कोच असे तिघे बसून उद्दिष्ट ठरवतात. करार बहुतेक वेळा सहा महिने ते वर्षाचा, दोन-तीन आठवड्यांनी एक तास-दीड तासाचं सेशन. खोलीत जे बोललं जातं ते कंपनीला सांगायचं नाही, ही अट आधीच ठरते. कंपनीला प्रगती कळते, गोष्टी कळत नाहीत.

मग येतो '३६० डिग्री फीडबॅक'. साहेबांचे वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांना विचारलं जातं, नाव गुप्त ठेवून. आपल्या व्हीपी साहेबांच्या अहवालात, समजा, एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पाच जणांनी लिहिलंय, 'सरांना सांगून उपयोग नाही, ते स्वतःच करतात.'

पहिली प्रतिक्रिया ठरलेली. कुणी लिहिलं असेल हे?

कोच तिकडे जात नाही. तो विचारतो, "मागच्या आठवड्यात लाइन बंद पडली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"खाली गेलो. वीस मिनिटांत चालू करून दिली."

"तुमचा मॅनेजर कुठे होता?"

"तिथेच होता की. बाजूला उभा होता."

"तो त्या वीस मिनिटांत काय शिकला असेल?"

इथे बराच वेळ शांतता असते. कोच ती शांतता भरून काढत नाही. चांगल्या आणि सुमार कोचमधला फरक मला तरी इथेच दिसतो. सुमार कोच पटकन 'डेलिगेशनचे पाच फायदे' सांगायला लागतो.

आपल्या साहेबांना डेलिगेशन म्हणजे काय हे माहीत नाही असं थोडंच आहे? त्यावरची दोन ट्रेनिंग त्यांनी केलेली असतात, सर्टिफिकेटसह. अडचण माहितीची नसते. मशीन दुरुस्त केल्यावर जे समाधान मिळतं ते एक्सेल शीट बघून मिळत नाही, आणि ते सोडलं तर 'मग मी नक्की करतो काय?' हा प्रश्न समोर उभा राहतो. ही भीती ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये बसत नाही. चौथ्या-पाचव्या सेशनला ती तोंडातून बाहेर आली तर खरं काम सुरू होतं. मग ठरतं काहीतरी अगदी छोटं. पुढचे दोन आठवडे लाइन बंद पडली की खाली जायचं नाही, फोनवर फक्त 'तुझा अंदाज काय?' एवढं विचारायचं. आणि पुढच्या वेळी कोच विचारणार, केलंत का?

गोल्डस्मिथ यांची पद्धत याच्या पुढे एक पाऊल जाते. ते अधिकाऱ्याला स्वतःच्या टीमसमोर जाऊन सांगायला लावतात की मी अमुक गोष्ट सुधारायचा प्रयत्न करतोय, मला सूचना द्या. मागच्या चुका उगाळायच्या नाहीत, पुढे काय करू तेवढंच विचारायचं. आलेल्या सूचनेवर वाद घालायचा नाही, फक्त आभार मानायचे. आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी परत जाऊन विचारायचं. आठ मोठ्या कंपन्यांमधल्या ११ हजारांहून जास्त अधिकाऱ्यांच्या माहितीवरून त्यांनी आणि हॉवर्ड मॉर्गन यांनी २००४ मध्ये मांडलं की जे अधिकारी असे पुन्हा पुन्हा विचारत राहिले तेच सहकाऱ्यांना सुधारलेले वाटले. नुसता कोर्स करून जे गप्प बसले त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. गोल्डस्मिथ यांची फीची अटही भारी आहे. माणूस सुधारला असं त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं तरच पैसे. स्वतः माणसाने 'मी सुधारलो' म्हणून चालत नाही.

पण याचा उपयोग होतो का?

प्रामाणिक उत्तर, होतो. पण किती आणि कशावर, हे नीट बघायला हवं.

ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १८ अभ्यास एकत्र करून बघितले. कामगिरी, ताण हाताळणं, कामाकडे बघण्याची दृष्टी, ठरवलेल्या उद्दिष्टाला चिकटून राहणं या सगळ्यावर कोचिंगचा चांगला परिणाम दिसला. पण या क्षेत्रातले बरेच अभ्यास कोचिंग घेणाऱ्याने स्वतःबद्दल काय सांगितलं यावर उभे असतात. एवढा वेळ आणि कंपनीचा एवढा पैसा गेल्यावर 'काही उपयोग झाला नाही' असं कोण सांगेल?

म्हणून मला दुसरं एक उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. ते कंपनीतलं नाही, हॉस्पिटलमधलं आहे, आणि त्यातला माणूस मूळचा आपल्याकडचा आहे.

अतुल गावंडे. अमेरिकेतले प्रसिद्ध सर्जन आणि लेखक. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. २०११ मध्ये गावंडे यांनी 'न्यूयॉर्कर' मासिकात एक लेख लिहिला. सर्जन म्हणून आठ वर्षं झाली होती, दोन हजारांहून जास्त ऑपरेशन्स झाली होती आणि त्यांना जाणवत होतं की आपण आता आणखी चांगले होत नाही आहोत, एका जागी थांबलोय. खेळाडू जगात पहिला आला तरी कोच ठेवतो, मग सर्जन का नाही? त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना विनंती केली की माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन नुसतं बघा.

पहिलं ऑपरेशन थायरॉइडचं. गावंडे यांच्या मते उत्तम झालं. ऑस्टीन यांच्याकडे मात्र पानभर नोंदी होत्या. पेशंटवर कापड अशा पद्धतीने टाकलं की समोरच्या असिस्टंटला हालायला जागा नव्हती. वरचा दिवा जखमेवरून सरकला होता आणि जवळपास अर्धा तास ते उसन्या प्रकाशात काम करत होते, त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. कोपर खांद्याच्या उंचीवर जात होतं, तिथे हाताचा ताबा कमी होतो. यातली एकही गोष्ट गावंडे यांना माहीत नव्हती असं नाही. दिसत नव्हती, एवढंच. गावंडे यांनी २०१७ च्या टेड टॉकमध्ये सांगितलं की वर्षभरानंतर त्यांच्या पेशंट्समधली गुंतागुंत आणखी कमी झाली होती. आणि हेही सांगितलं की हे सगळं त्रासदायक होतं.

हे झालं एका माणसाचं. पण गावंडे यांच्या टीमने हीच कल्पना भारतात फार मोठ्या प्रमाणावर तपासली. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांतली १२० आरोग्य केंद्रं. निम्म्या केंद्रांत बाळंतपण करणाऱ्या नर्सना सुरक्षित प्रसूतीची एक चेकलिस्ट आणि आठ महिने कोच दिले. हे कोच म्हणजे साहेब नव्हे, नर्सच. शेजारी उभं राहून बघणाऱ्या आणि 'हात धुवायला इथे काय अडचण येते?' असं विचारणाऱ्या. उरलेल्या केंद्रांत नेहमीसारखं काम. दीड लाखाहून जास्त बाळंतपणांची नोंद झाली.

निकाल डिसेंबर २०१७ मध्ये आला. दोन महिन्यांत कोच असलेल्या केंद्रांत आवश्यक गोष्टींपैकी सुमारे ७३ टक्के केल्या जात होत्या, दुसरीकडे सुमारे ४२ टक्के. वागणूक बदलली होती. कोचिंग थांबून चार महिने झाल्यावर हा आकडा ७३ वरून ६२ वर आला, म्हणजे काही सुटलं पण बरंच टिकलं. आणि बाळं, आया वाचल्या का? मृत्यूच्या प्रमाणात दोन्हीकडे लक्षणीय फरक नव्हता.

हा निकाल मला कुठल्याही मॅनेजमेंट पुस्तकापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. कोच माणसाचं वागणं बदलू शकतो. पण औषधं नसतील, रक्त वेळेवर मिळत नसेल, मोठं हॉस्पिटल लांब असेल, तर एकट्या नर्सच्या वागण्याने सगळं बदलत नाही. कंपनीतही हेच. टार्गेटच अशक्य असेल, माणसं कमी असतील, मालक रोज निर्णय फिरवत असेल, तर मॅनेजरला कोच देणं म्हणजे छत गळत असताना घरातल्या माणसाला पोहायला शिकवणं. काही कंपन्या हे मुद्दाम करतात असा माझा संशय आहे. दोष व्यवस्थेचा, कोचिंग माणसाला.

दुसरी बाजू

कॅम्पबेल एकाच वेळी ॲपलच्या संचालक मंडळावर होते, इन्ट्युटचे चेअरमन होते आणि गुगलच्या नेत्यांचे कोच होते. सगळ्यांचा विश्वास असलेला माणूस. पण या विश्वासाचा एक प्रसंग कोर्टाच्या कागदपत्रांत आहे. एकमेकांचे कर्मचारी पळवायचे नाहीत असे आतले समझोते करून पगार दाबून ठेवले, असा आरोप करत सिलिकॉन व्हॅलीतल्या कर्मचाऱ्यांनी ॲपल, गुगल आणि इतर कंपन्यांवर खटला भरला होता. २००६ मध्ये कॅम्पबेल यांनी स्टीव्ह जॉब्ज यांना पाठवलेला एक ईमेल त्यात पुढे आला. श्मिट यांनी स्वतः लक्ष घालून ॲपलमधून माणसं घेण्याचे प्रयत्न थांबवलेत, असं त्यात कळवलं होतं. खटला तडजोडीने मिटला. ॲपल, गुगल, इंटेल आणि अडोबी यांनी मिळून ४१.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, त्याला २०१५ मध्ये कोर्टाची मंजुरी मिळाली.

म्हणजे दोन घरांचा एकच विश्वासू माणूस असला की तो निरोप्याही होऊ शकतो. कोच नक्की कुणाचा, खुर्चीवरच्या माणसाचा की पगार देणाऱ्या कंपनीचा, हा प्रश्न म्हणूनच फार आधी विचारायला हवा.

दुसरा धोका मानसोपचाराच्या बाजूचा. हार्वर्ड मेडिकल स्कूलशी अनेक वर्षं जोडलेले मानसतज्ज्ञ स्टीव्हन बर्गलास यांनी २००२ मध्येच 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त इशारा दिला होता. प्रश्न मुळात मानसिक आजाराचा किंवा खोल दुखण्याचा असेल आणि कोच त्यावर वागणुकीच्या टिप्स देत बसला, तर नुकसान होतं. याच मासिकाने २००९ मध्ये १४० कोचची पाहणी केली. वैयक्तिक अडचणींसाठी म्हणून फक्त ३ टक्क्यांना नेमलं होतं. प्रत्यक्षात ७६ टक्क्यांनी कधी ना कधी अशा अडचणींत मदत केली होती. दार 'लीडरशिप'चं, आत शिरल्यावर घर, झोप, दारू, घटस्फोट. चांगला कोच इथे थांबून डॉक्टरकडे जायला सांगतो.

आणि इन्स्टाग्रामवरचे कोच?

त्याच पाहणीत तासाची मधली फी ५०० डॉलर निघाली होती, वरची टोकं ३,५०० पर्यंत. इतका पैसा जिथे आहे तिथे गर्दी होणारच. भारतात स्वतःला कोच म्हणवून घ्यायला कुठलंही लायसन्स लागत नाही. आज दुपारी तुम्ही बायोमध्ये 'बिझनेस कोच' लिहिलंत तर संध्याकाळपासून तुम्ही कोच.

रील तुम्हीही बघितली असेल. भाड्याची गाडी, मागे जोरदार संगीत, शंभर रुपयांच्या आतलं वेबिनार. वेबिनारमध्ये हॉटेलातल्या शिबिराची जाहिरात आणि शिबिरात काही लाखांच्या 'इनर सर्कल'ची. घेणारा असतो कर्ज काढून दुकान टाकलेला, महिन्याचं गणित न जुळणारा माणूस. त्याला तिथे पाचशे जणांत उभं करून टाळ्या वाजवायला लावतात. हे भाषण असेल, मनोरंजन असेल, एखाद्याला त्यातून हुरूपही येत असेल. कोचिंग नाही. कारण त्या पाचशेतल्या एकालाही कुणी विचारलेलं नसतं की मागच्या मंगळवारी तुझ्या दुकानात काय झालं.

जगभरातल्या कोचची एक जुनी संघटना आहे, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. १९९५ पासूनची. तिच्या तीन पायऱ्यांच्या प्रमाणपत्रांसाठी कोचिंग केल्याचे अनुक्रमे १००, ५०० आणि २,५०० तास दाखवावे लागतात. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगला असं नाही, कॅम्पबेल यांच्याकडे असं काही असल्याचं ऐकिवात नाही. पण 'तुम्ही समोरासमोर किती तास कोचिंग केलंय?' हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. माझं बोलणं कुणाकुणाला कळणार, हाही विचारता येतो. सहा महिन्यांनी फरक पडला हे कोण ठरवणार, हाही. आणि 'तुमच्याकडे येऊन उपयोग झाला नाही असा एखादा माणूस सांगा' असं म्हणून बघा. खरा कोच जरा थांबतो आणि सांगतो.

मला कोच आहे, हे सांगायची लाज

श्मिट यांना जे लागलं होतं ते आपल्याकडे तर दुप्पट लागतं. कोच दिला म्हणजे साहेबांचं काहीतरी बिनसलंय, अशी कुजबुज ऑफिसच्या कँटीनमध्ये आधी पोचते. सचिन तेंडुलकरच्या बॅटिंगवर कुणी बोललं तर ते कौतुकाने सांगतो आपण. सचिनने स्वतः सांगितलेला किस्सा आहे, चेन्नईच्या हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याने त्याला सांगितलं की एल्बो गार्डमुळे तुमची बॅट अडते, आणि सचिनने तो गार्ड बदलून घेतला. तेच कंपनीच्या एमडीला एखाद्या सुपरवायझरने सांगितलं तर?

गावंडे यांनाही हे चुकलं नाही. एकदा ऑपरेशनच्या टेबलवर, भूल द्यायच्या आधी पेशंट बाईंना कोपऱ्यात वही घेऊन उभे असलेले ऑस्टीन दिसले. हे कोण, असं त्यांनी विचारलं. गावंडे गडबडले. माझे सहकारी आहेत, माझं काय सुधारता येईल ते बघायला बोलावलंय, असं त्यांनी सांगितलं. बाईंचा चेहरा आणखीच घाबरला. शेवटी ते म्हणाले, कोचसारखे आहेत ते माझे.

बाईंना त्याने काही धीर आलेला दिसला नाही, असं गावंडे यांनी लिहून ठेवलंय.